खड्डे आणि पायऱ्या

माझ्या हृदयाला खड्डे कळतात, पायऱ्या कळत नाहीत. पुण्यातल्या एखाद्या उखडलेल्या रस्त्याला रिक्षा लागली की मी दांडा धरून नुसता बसलेला असतो आणि नाडी नव्वदीकडे धावत सुटते. पर्वतीच्या पायऱ्या चढताना मात्र ती साठ-पासष्टावर रेंगाळते आणि निम्म्या वाटेवर पाय शिशाचे होतात. उतरताना चढण्यापेक्षा जलद ठोके, कारण उताराला टाच जोरात आपटते!

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा इवलासा पुंजका असतो. ठोक्याची आज्ञा तिथून निघते. माझा तो थकला, म्हणून कॉलरबोनखाली पेसमेकर बसला. त्यातला सेन्सर अंगाची हालचाल मोजतो. अंग हललं म्हणजे माणूस चालतो आहे, एवढीच त्याची समजूत. श्रम कुठला आणि हादरा कुठला, हे त्याला उमगत नाही. काही यंत्रं श्वासाचाही अंदाज घेतात. माझं घेत नाही.

म्हणून बसल्या जागी येणारा आनंद त्याच्यापर्यंत पोचत नाही. मांडी घालून गाणं ऐकत असतो, तान अंगावर येते, समेवर सगळा मंडप 'वा' म्हणतो. काटा येतो, तो अजून माझा आहे. ठोके साठच. अपरात्री फोन वाजला तरी ते हलत नाहीत. छातीत धस्स होणं हे केवढं वैभव होतं, ते गेल्यावर समजलं. मांडीवर जोरात ताल धरला तर थोडंफार आत पोचत असावं, अशी माझी खाजगी समजूत आहे, आणि ती मी कुणाकडून तपासून घेणार नाही.

बाकीचं मात्र तपासून घेतो. तंत्रज्ञ मुलगी छातीवर चकती ठेवते, समोरच्या पडद्यावर माझे ठोके सरकू लागतात. "काका, आता जरा धडधडल्यासारखं होईल हं," म्हणते आणि ठोके वाढवून विजेचा दाब उतरवत नेते. कमीत कमी किती दाबाला हृदय साद देतं ते पाहायचं, मग सुरक्षिततेसाठी दाब त्याच्या दुपटीच्या आसपास ठेवायचा. उगाच जास्त ठेवला तर बॅटरी लवकर संपते. पुष्कळांची तपासणी इथेच आटोपते. "काही त्रास?" "नाही, ठीक आहे." पुढचा पेशंट!

मी पर्वतीचं गाऱ्हाणं मांडलं. तिने सेन्सर थोडा तिखट केला, वरची मर्यादा वाढवली आणि मला दवाखान्याचा जिना चढून यायला लावलं. आलो, पुन्हा आकडे हलवले, पुन्हा जिना. झोपेसाठी रात्रीचे ठोके पन्नासवर आणले. "पण रिक्षात आता जास्तच पळेल," ती म्हणाली. एकाच कानाने ऐकणाऱ्या सेन्सरकडून दोन्ही सुखं मिळत नाहीत. मी पायऱ्या घेतल्या. रिक्षात बसल्या बसल्या व्यायाम होतो, असं घरी सांगतो.

ही निवड आर्ने लार्सन यांना नव्हती. शरीराच्या आत बसवलेला पहिला पेसमेकर त्यांचा. ८ ऑक्टोबर १९५८, स्टॉकहोम. त्यांची पत्नी एल्स-मारी हिने शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांच्या मागे लागून तो करवून घेतला. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. त्या काळच्या यंत्रांची गती ठरलेली. जिना असो की झोप, ठोके तेवढेच. पुढे आयुष्यात सव्वीस पेसमेकर वापरून, सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघांच्याही मागे उरून, लार्सन २००१ मध्ये वयाच्या ८६व्या वर्षी गेले. मला या कथेत यंत्रापेक्षा एल्स-मारीचा हट्ट मोठा वाटतो.

तेव्हा तपासणीला जाताना 'ठीक आहे' घरी ठेवून जा. कुठल्या चढाला दम लागतो, झोपेत काय होतं, कशाने उगाच धडधडतं, ते कागदावर लिहून न्या आणि चकती छातीवर असतानाच बोला. एक गोष्ट घरच्यांनाही आत्ताच सांगून ठेवा: दहनाआधी पेसमेकर काढून घ्यावा लागतो, नाहीतर आगीत बॅटरीचा स्फोट होऊ शकतो.