मेंटर बाईंची भेट

बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील प्रा. सेलिग्मन यांच्याशी जुळलेले नाते पदवीपुरते राहिले नाही. 1925 साली निघालेल्या त्यांच्या प्रांतिक अर्थव्यवहारावरील ग्रंथाला सेलिग्मन यांचीच प्रस्तावना आहे. प्राध्यापकाकडे जाऊन विचारणे ही लाचारी नव्हे, हे आपल्या मुलांना सांगायला हवे.

आमच्या शेजारची मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. दोन विषय राहिले, तेव्हा वडील म्हणाले, "एका वर्षाचेही सर्टिफिकेट मिळते म्हणे. ते घे आणि कामाला लाग." नव्या शैक्षणिक धोरणात ही सोय आहे खरी, पण त्यालाही 40 क्रेडिट लागतात, तीन वर्षांच्या पदवीला 120. घरात पदवीधर नाही, मग हे सांगणार कोण? कॉलेजने मेंटर म्हणून एक बाई नेमून दिल्या होत्या. ही त्यांना कधी भेटलीच नव्हती. "काका, त्या इंग्रजीत बोलल्या तर?"

मी ऑफिसात अर्धी रजा टाकली, बापलेकीला घेऊन गेलो. बाई मराठीतच बोलल्या. राहिलेले पेपर कधी, स्कॉलरशिपचे काय, सारे कागदावर लिहून दिले. परतताना बसमध्ये वडिलांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला. सर्टिफिकेटचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.