दुसरी नजर

मंडळी, मध्यंतरी बरेच दिवस इथे काही लिहिणे झाले नाही. दोघातिघांनी फोन करून विचारले, "बाई, तब्येत बरी आहे ना?" माझी तब्येत ठणठणीत होती. आजारी होता तो माझा काँप्युटर. आणि लाज वाटते सांगायला, पण तो आजार मीच मुरुडभर वाटत फिरत होते!

झाले असे. सासूबाईंच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या मी वहीत उतरवून घेतल्या होत्या. निवृत्तीनंतर त्या एकेक करून टाइप केल्या. बारा वर्षांचे काम. मुलींना एकेक प्रत द्यावी म्हणून पेनड्राईव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकान माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचे. त्याने पेनड्राईव्ह लावला, आणि पाहते तर फोल्डर एकही नाही! सगळ्यांच्या जागी नुसते शॉर्टकट. पोटात गोळा आला. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर मी त्याला म्हणाले, "तुझ्या मशीनमधला व्हायरस माझ्या पेनड्राईव्हमध्ये घातलास बघ!"

तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "असंल बाई. लई लोकांचे पेनड्राईव्ह यायलेत इथं."

दोन दिवसांनी वाचनालयातून निरोप आला की त्यांच्याही काँप्युटरवर तेच शॉर्टकट दिसत आहेत. वाचनालयात मी पेनड्राईव्ह दिला होता तो झेरॉक्सच्या दुकानात जायच्या आठ दिवस आधी. म्हणजे दोष कुणाचा, हे सांगायला गणिताचे मास्तर नकोत. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, म्हणतात ना...

रात्री पुण्याच्या नातवाला फोन लावला.

"आजी, तुझ्याकडे अँटिव्हायरस आहे ना?"

"आहे की. पैसे भरून घेतलंय. रोज हिरवी खूण दाखवतंय."

"मग आता दुसऱ्या कंपनीच्या स्कॅनरने एकदा तपास."

तपासले. अर्ध्या तासात चोर सापडला. तो बसला होता मराठी टायपिंगच्या एका सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये. हे सॉफ्टवेअर मला गेल्या वर्षी एकाने 'फुकट' दिले होते. टाकताना अँटिव्हायरस ओरडले होते. तेव्हा "ते असंच ओरडतं, त्याला गप्प करा" असा सल्ला मिळाला, आणि "या फोल्डरकडे बघू नकोस" असे मीच त्याला सांगून ठेवले. ते आज्ञाधारक निघाले, वर्षभर बघितलेच नाही! दुसऱ्या स्कॅनरला माझी ही आज्ञा ठाऊक नव्हती, म्हणून त्याने पाहिले.

शिक्षकमंडळींना हे चटकन समजेल. दहावीचे पेपर तपासायचे तेव्हा आपण तपासलेल्या गठ्ठ्यातले काही पेपर मॉडरेटर पुन्हा पाहत असे. आपण काही बेइमान नसायचो. पण पन्नासावा पेपर तपासताना डोळा चुकतो, आणि आपली चूक आपल्याच नजरेला दिसत नाही. म्हणून दुसरी नजर. मात्र मॉडरेटर आपल्या शेजारी बसून त्याच वेळी त्याच पेपरवर लाल पेन चालवत नसे. तसे झाले असते तर भांडणेच झाली असती! काँप्युटरमध्येही सतत पहारा देणारी दोन अँटिव्हायरस ठेवली की ती एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन गोगलगाय होते. पहारेकरी एकच हवा. दुसरा बोलावल्यावर येणारा, तपासून परत जाणारा.

असा दुसरा निवडताना काय पाहावे, ते नातवाने सांगितले. माझ्या वयाच्या वाचकांसाठी लिहून ठेवते.

पहिले म्हणजे तो वेगळ्या कंपनीचा असावा. तीच नजर दोनदा फिरवून काय उपयोग? दुसरे, तो कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यावा. "तुमच्या काँप्युटरमध्ये ४७ व्हायरस आहेत!" असे आपणहून ओरडत येणारे बहुधा स्वतःच चोर असतात. तिसरे, सापडलेला व्हायरस त्याने फुकटात काढूनही द्यावा, नुसते घाबरवून पैसे मागू नयेत. चौथे, तो दरवेळी ताजा असावा. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर उतरवून घेतल्यापासून दहाच दिवस चालतो, मग नवा घ्यावा लागतो. मला आधी हा चावटपणा वाटला, पण शिळ्या यादीने नवा चोर कसा ओळखणार? ईसेटचा ऑनलाइन स्कॅनरही असाच कामापुरता. मालवेअरबाइट्स सुरुवातीला काही दिवस पूर्ण पहाऱ्याची चव दाखवते, नंतर फुकटात फक्त सांगितल्यावर तपासते. आणि सापडलेली फाइल लगेच पुसू नये, आधी 'क्वारंटाइन'मध्ये ठेवावी. मॉडरेटरही कधीकधी चुकतो!

आपल्या सरकारचेही एक दार आहे. सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. तिथे अशी साधने मोफत देण्यात आली, त्यात पुण्याच्या क्विक हीलचेही. ही कंपनी काढणाऱ्या दोन भावांपैकी थोरले कैलास काटकर आधी कॅलक्युलेटर दुरुस्त करत. वाचून बरे वाटले.

ओव्यांचे काय झाले, विचाराल. त्या कुठेच गेल्या नव्हत्या. हा व्हायरस खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे ठेवतो. आपण त्यावर क्लिक केले की तो चालू होतो. आधी काँप्युटर स्वच्छ केला, मग पेनड्राईव्ह. उलटे केले असते तर पुन्हा तेच. मग नातवाने फोनवरून एक आज्ञा अक्षर-अक्षर सांगून टाइप करून घेतली आणि सगळे फोल्डर परत दिसू लागले. डोळ्यात पाणी आले हो. पेन्शनच्या खात्याचा पासवर्डही मुलीच्या फोनवरून बदलून घेतला. आता ओव्यांची एक प्रत मुलीकडे असते, कारण स्कॅनर चोर दाखवतो, गेलेले परत आणेलच असे नाही.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात गेले. गिऱ्हाइके असतानाच म्हणाले, "चूक माझी होती रे. व्हायरस माझ्याच घरचा होता."

तो हसला. "जाऊ द्या बाई. शाळेत तुम्हीच म्हणायचा, लिहून झालं की पेपर एकदा परत वाचा म्हणून."

पस्तीस वर्षे मुलांना हे सांगत आले. स्वतःचा पेपर मात्र परत वाचायचा राहिला होता. आता दर महिन्याच्या एक तारखेला, पेन्शन आली का ते बघायच्या आधी, दुसरा स्कॅनर लावते.

असो. तुमच्या हिरव्या खुणेवरही एकदा दुसरी नजर फिरवा. ओव्यांविषयी पुढच्या वेळी.