तोलून धरणे

आम्हां बदलीच्या माणसांच्या सामानात पुस्तकांची पेटी नेहमी सर्वांत शेवटी उघडते. अशाच एका पेटीतून, लखनौच्या मुक्कामी, शेमस हीनी या आयरिश कवीने १९९९ साली प्रसिद्ध केलेले ‘बेओवुल्फ’चे भाषांतर माझ्या हाती आले. वीरकाव्य दूरच राहिले; मला अडवून धरले ते प्रस्तावनेतील एका शब्दाने. तो शब्द ‘थोल’.

प्राचीन इंग्रजीच्या शब्दसूचीत ‘थोलियन’ हे क्रियापद, लिपीतून कधीच नाहीशा झालेल्या ‘थॉर्न’ या अक्षराने आरंभलेले, हीनीला प्रथम परके वाटले. आणि मग हळूहळू उमगले की हा तर आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांचा शब्द! शोकात बुडालेल्या एका कुटुंबाविषयी बोलताना घरातील एक वृद्धा म्हणाली होती, की आता त्यांना ‘थोल’ करायला शिकावे लागेल.

कोशात अर्थ ‘सोसणे’ असा मिळतो. प्रमाण इंग्रजीने हा शब्द टाकला. स्कॉटलंड, उत्तर इंग्लंड आणि अल्स्टर यांच्या बोलींनी तो सांभाळला. नांगराने ज्याचे घरटे मोडले त्या उंदरावर बर्न्सने १७८५ साली कविता रचली, तीत त्या जिवाला हिवाळ्याचा गारठा ‘थोल’च करायचा आहे. (वल्हे अडकविण्याच्या खुंटीलाही इंग्रजीत ‘थोल’ म्हणतात, पण ती निराळ्या कुळातली.)

कचेरीत केस पांढरे केलेल्यांना स्कॉटिश कायद्यातील उपयोग अधिक रुचेल. खटला चालून निकाल लागला, की आरोपीने आपली ‘असाइझ’, म्हणजे न्यायचौकशी, ‘थोल’ केली. त्याच गुन्ह्यासाठी त्याला पुन्हा उभे करावयाचे नाही. २०११ च्या कायद्याने या नियमाला काही अपवाद जोडले, परंतु तत्त्व तेच. आपल्या घटनेच्या विसाव्या अनुच्छेदातील दुसरा खंड त्याचाच सोयरा. आता येथे नुसते ‘सोसणे’ पुरत नाही. सोसणाऱ्याचे सोसणे संपेलच असे नाही. ओझे वाहून नेणाऱ्याला मात्र ते कोठे तरी उतरविता येते.

आणि ओझ्याचाच हा शब्द आहे. संस्कृतातील ‘त’ इंग्रजीत ‘थ’ होऊन भेटतो: ‘त्रि’ तेथे ‘थ्री’, ‘तनु’ तेथे ‘थिन’, ‘तृण’ तेथे ‘थॉर्न’. त्याच वाटेने ‘थोल’चे नाते उचलणे आणि वजन करणे या अर्थांच्या ‘तुल्’ धातूशी पोचते. लॅटिनमार्गे आलेले ‘टॉलरेट’ही त्याच घरचे. म्हणजे आपली तुला, आपला तोल आणि घराचे छप्पर अंगावर घेणारी तुळई ही सारी त्या आयरिश वृद्धेच्या शब्दाची भावंडे!

हे ध्यानात आले तेव्हा मी पुस्तक मिटले. १९८७ च्या ऑगस्टमध्ये मी गुवाहाटीस असताना वडील गेल्याची तार आली. वाईस पोचेपर्यंत चौथा दिवस उजाडला होता. माजघरात आई भिंतीला टेकून बसली होती आणि आत्या तिला सांगत होती, “वहिनी, रडून घ्या. पण आता हे घर तुम्हालाच तोलून धरायचंय.” मला त्या वाक्याचा विलक्षण संताप आला. असल्या घटकेला का माणसावर भार घालावा? आई मात्र मान हलवून म्हणाली, “होय, वन्सं.” तेरावा झाला आणि मी, घरातला थोरला मुलगा, रजा संपली म्हणून गुवाहाटीस परतलो. आत्याने तो भार माझ्यावर का घातला नाही, हे त्या वेळी विचारण्याचे मला सुचले नाही. आता विचारावे तर ती नाही.

आईची पत्रे महिन्याला येत. ‘इकडील सर्व क्षेम’ हा आरंभ कधी चुकला नाही. ती गेल्यावर तिच्या पेटीत सराफाची एक पावती सापडली. १९८९ च्या जुलैत तिने पाटल्या मोडल्या होत्या. धाकट्याची शिक्षणाची फी त्याच महिन्यात भरली होती. त्या महिन्याचे तिचे पत्र माझ्याजवळ होते. लखनौच्या त्या रात्री मी ते पुन्हा काढून वाचले. पाऊस चांगला झाला आहे, गाईला कालवड झाली आहे, आणि तिकडे थंडी लवकर पडते म्हणतात तर नवा स्वेटर घेतलास का, असे तीत विचारले होते.