पडणारं विमान निवडताना

भाच्याला रिमोटचं विमान हवंय. दहावीत आहे, व्हिडिओ बघून शिकणार म्हणतो. आमच्या तालुक्यात ना क्लब, ना कुणी उस्ताद. पैसे आपा देणार आहे, तेही शिलाईचे. पहिल्याच दिवशी चुरा झाला तर दुसरं विमान मिळणार नाही, हे पोरालाही ठाऊक आहे. शाळेतल्या मुलांना थर्माकोलची ग्लायडर करून देता देता मला या नादाची थोडी माहिती झाली, म्हणून निवड माझ्याकडे आली.

"मामू, हे बघा," म्हणत त्याने दाखवलं ते स्पिटफायर! दुसऱ्या महायुद्धातलं, खाली पंख असलेलं, देखणं. नवशिक्याने त्याच्याकडे नुसतं बघावं.

शिकायला पंख वर असलेलं विमान हवं, पायपर कबसारखं, आणि पंखांची टोकं किंचित उचललेली. असं विमान कलंडलं तरी बोट काढून घेतल्यावर बहुधा आपोआप सरळ होतं. तीन चॅनेल पुरतात: मोटर, शेपटीचं उभं सुकाणू आणि आडवं. वेग कमी हवा, कारण विचार करायला वेळ लागतो.

खरा प्रश्न कशाचं बनलंय हा. बाल्सा लाकूड सुंदर, पण आपटलं की मोडतं. थर्माकोलचे दाणे सुटतात. ईपीपी फोम मात्र वाकतो आणि बराचसा परत येतो. फाटला तरी गोंदाने तिथल्या तिथे जुळतो. मोटर नाकावर नको, पंखामागे वर असावी; मग नाक आपटतं तेव्हा मोटर, पंखा वाचतात. मल्टिप्लेक्स या जर्मन कंपनीचं ईझीस्टार याच धाटणीचं आहे. पंख रबरबँडने बांधलेला असेल तर आणखी बरं, धक्का बसला की मोडण्याऐवजी निसटतो. निवडणुकीच्या फलकांसाठी वापरतात त्या सनपॅक शीटचीही विमानं करतात. चिवट असतात, पण जड. जड म्हणजे वेगवान, म्हणून पहिल्यासाठी मी ती टाळली. आणि सुटे भाग मिळत नसतील तर मजबुतीला काही अर्थ नाही.

एक गोष्ट विमान निवडून सुटत नाही. ते आपल्याकडे येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं. भाचा उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून लिहितो, त्याला हे लवकर जमेल असं मी गमतीने म्हणालो. तरी आधी कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर हात बसवायला लावलाय. तिथे पडण्याचे पैसे लागत नाहीत.

जागा ठरलीय: गावाबाहेरचं पडीक रान, गवत गुडघाभर. वेळ फज्रनंतरची, तेव्हा वारा बहुतेक पडलेला असतो. लायपो बॅटरी चार्ज होत असताना घर सोडायचं नाही आणि फुगलेली पुन्हा चार्जिंगला लावायची नाही, हे त्याला कागदावर लिहून दिलंय, चार्जरशेजारी भिंतीला चिकटवायला.