बेटावरच्या रानाच्या तीन वाटा

वर्षावन म्हटलं की मराठी माणसाला आंबोली आठवते, अंदमान आठवतं. स्कॉटलंड काही आठवत नाही. पण इथल्या पश्चिम किनाऱ्यावर अटलांटिकच्या बारमाही पावसात भिजणारं समशीतोष्ण वर्षावन आहे. आता ते जेमतेम 30 हजार हेक्टर उरलंय, तेही तुकड्यातुकड्यांनी. त्यातले काही तुकडे स्काय बेटाच्या दक्षिणेला, स्लेटच्या भागात आहेत. तिथली पाखरं मला ओढून नेतात, आणि तिथवर नेणारी वाटही.

ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनातून मॅलेगची गाडी धरायची. प्रवास पाच तासांहून जास्त, पण खिडकी सोडवत नाही. लॉख लोमंडचा काठ मागे पडतो, रॅनॉक मूरची दलदल क्षितिजापर्यंत पसरते, ग्लेनफिननच्या कमानींवरून गाडी सावकाश वळते. मॅलेगला रूळ संपतात आणि पुढे आर्माडेलची बोट. 1995 पासून बेटाला पूल आहे, मोटारीने थेट जाता येतं. तरी मी बोटच धरते. पक्षी बघायला डेकवरच सुरुवात होते. गॅनेट उंचावरून पंख मिटून पाण्यात सूर मारतात आणि नैर्ऋत्येला रम बेटाचे डोंगर उभे राहतात.

ते डोंगर दिसले की मला पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड आठवतो. या पाखराला इथल्या माणसांनी गोळ्या घातल्या, विष घातलं, त्याची अंडी संग्रहासाठी पळवली. ब्रिटनमधलं त्याचं शेवटचं घरटं 1916 साली याच स्काय बेटावर होतं. दोन वर्षांनी शेटलंडमध्ये शेवटचा गरुडही मारला गेला. मग 1975 साली नॉर्वेहून पिल्लं आणायला सुरुवात झाली. रॉयल एअर फोर्सच्या विमानांनी ती बोडोहून किनलॉसला आली आणि रम बेटावर वाढवून मोकळी सोडली गेली. दहा वर्षांत अशी 82 पिल्लं आली. 1985 साली हेब्रिडीजमधल्या एका बेटावर, इथेच जन्मलेलं पहिलं पिल्लू घरट्यातून उडालं.

आज स्कायच्या किनाऱ्यावर तो गरुड दिसतो. आधी कावळ्यांचा कालवा कानी येतो, मग आठ फुटी पसरलेले रुंद पंख, फिकट डोकं, पिवळीधमक चोच. पाठीमागे लागलेल्या कावळ्यांकडे तो ढुंकूनही पाहत नाही. मेंढपाळांची कोकरांबद्दलची काळजी खरी आहे आणि त्यावर बोलणी चालू असतात. पण आता ती आकाशातल्या जित्या गरुडाबद्दल होतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

किनाऱ्याजवळच हेझलचं रान सुरू होतं. आत शिरलं की उजेड हिरवा होतो. खोडाखोडांवर जाड शेवाळ, आणि त्यातून पानांसारखं पसरलेलं लंगवर्ट. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच गोतातलं ते. पाऊस पडला की पालेभाजीसारखं हिरवंगार, दोन दिवस ऊन लागलं की करडं आणि चिवट. बोट लावलं तर थंड ओलावा लागतो आणि वरच्या खळग्यांची जाळी हाताला कळते.

मे महिन्यात या रानांच्या कडेला कुक्कू ओरडत असतो. याच किनाऱ्यावरच्या ओकच्या रानांत वूड वॉर्बलर गातो. फोडणीत पडलेल्या मोहरीसारखं त्याचं गाणं: आधी एखाददुसरा दाणा, मग एकदम सगळी तडतड. ही दोन्ही पाखरं हिवाळा आफ्रिकेतल्या उष्ण प्रदेशात काढतात. 2011 पासून ब्रिटनमधल्या कुक्कूंच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले छोटे ट्रान्समीटर बसवले गेले, तेव्हा त्यांची वाट कळली: काही इटलीवरून, काही स्पेनवरून, सहारा ओलांडून काँगोच्या खोऱ्यातल्या जंगलात. तीरचिमणीने वाढवलेलं कुक्कूचं पिल्लू आईबापांना न पाहताच, एकट्याने, ही वाट कापतं.

म्हणजे या रानात येणाऱ्या वाटा तीन. माझी, रेल्वेची आणि बोटीची. कुक्कूची, दोन खंडांवरून येणारी. आणि गरुडाची, जी माणसाने तोडली आणि माणसालाच पुन्हा जोडावी लागली. माझी वाट वेळापत्रकावर चालते. कुक्कूची मात्र दोन्ही टोकांची जंगलं आणि मधले विसावे शाबूत असतील तरच चालते. इकडच्या टोकाला हरणं कोवळी रोपं खाऊन टाकतात आणि बागेतून पळालेलं रोडोडेन्ड्रॉन खाली काही उगवूच देत नाही. कुंपणं घालून, ती झुडपं उपटून रान राखणारी माणसं कुक्कूचीच वाट झाडत असतात, असं मला वाटतं.

अशा वेळी मला कोकण आठवतं. आपल्या किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड अजून आहे, उंच जुन्या झाडांवर तो वर्षानुवर्षं त्याच घरट्यात काटक्या रचत राहतो. स्कॉटलंडला आपला गरुड परत मिळवायला जवळजवळ साठ वर्षं लागली आणि दुसऱ्या देशापुढे पदर पसरावा लागला. आपल्याला फक्त ते झाड उभं ठेवायचं आहे. एवढं काम आपल्या हातचं आहे, आणि ते आत्ताच करायचं आहे.