गाडी रुसली तेव्हा...

बालदोस्तांनो, तुमच्या घरी, शेजारी, निदान गावात तरी एखादी चारचाकी असेलच. ती कधी रुसून बसलेली पाहिली आहे का? किल्ली फिरवावी आणि गाडीनं नुसतं 'टक्' करून गप्प बसावं! मग मोठी माणसं काय करतात, आठवा बरं. कुणी बॉनेट उघडून उगाच आत डोकावतं, कुणी चाकाला लाथ मारतं आणि कुणी समोर सापडेल त्याच्यावर ओरडतं. मी यातली तिसरी चूक केली होती. त्याचीच ही गोष्ट.

२०१९ सालचा फेब्रुवारी महिना. डोंगराकडेच्या एका छोट्या गावात मी शिकवत होते. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला आमच्या शाळेची चार मुलं बसली होती. परीक्षेचं केंद्र तालुक्याच्या गावी, ३० किलोमीटरवर. अकरा वाजता पहिला पेपर. मी पालकांना सांगून टाकलं, "पोरांना मी माझ्या गाडीतून नेते. तुम्ही काळजी करू नका."

सकाळी आठ वाजता चौघं हजर! केसांना चापून तेल, खिशात दोन-दोन पेनं, हॉलतिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन गाडीत बसले आणि किल्ली फिरवली. टक्! पुन्हा फिरवली. टक्! इंजिन काही हूं की चूं करेना. साडेसातची एसटी निघून गेलेली. गाडीचं तोंड भिंतीकडे आणि मागे चढ, त्यामुळे ढकलून चालू करण्याचीही सोय नाही.

आदल्या संध्याकाळी चौघांपैकी एक जण माझ्याबरोबर गाडी पुसत होता. त्याचं खरं नाव सांगत नाही, आपण त्याला बाळू म्हणू. छतातला छोटा दिवा त्यानं कौतुकानं दोन-तीनदा लावून पाहिला होता. मला ते आठवलं आणि मी तडकलेच. "बाळू, रात्रभर दिवा चालू ठेवलास ना? बॅटरी उतरली बघ! आता तुझ्यापायी चौघांची परीक्षा बुडणार!"

"बाई, मी बंद केला होता," बाळू एवढंच पुटपुटला. बाकीची मुलं खाली बघू लागली. वर मान करून त्या दिव्याचं बटण बघायचंही मला सुचलं नाही.

"पेट्रोल संपलं असेल," एक मुलगी म्हणाली. काटा तर अर्ध्यावर होता. आणि गंमत पाहा, गाडी चालू न होण्याचे दोन वेगळे आजार असतात. इंजिन 'घर्र घर्र' फिरतंय पण पेट घेत नाही, हा एक. तिथे पेट्रोल, हवा आणि ठिणगी यांपैकी काहीतरी कमी पडत असतं. इंजिन मुळी फिरतच नाही, हा दुसरा. तिथे बॅटरी, तिच्या तारा आणि स्टार्टर तपासायचा. आमचा आजार दुसरा होता. पेट्रोलचा प्रश्न नंतरचा.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग बाळू हळूच म्हणाला, "बाई, पुढचे मोठे दिवे लावून बघा ना."

मी लावले. शेडमधल्या अंधाऱ्या भिंतीवर लख्ख उजेड पडला.

"आता दिवे राहू द्या आणि किल्ली फिरवा."

फिरवली. टक्! आणि भिंत एकदम काळी! किल्ली सोडली, तर उजेड परत आला.

"बाई, आमच्या विहिरीवरच्या मोटरचं असंच झालं होतं. खोलीतला बल्ब लागायचा, पण मोटर उचलायची नाही. बाबांनी बघितलं तर वायरचा सांधा सैल झाला होता."

मी बघतच राहिले. मुलांनो, त्याचं म्हणणं किती बिनचूक होतं पाहा. बॅटरी उतरली असती तर दिवे आधीपासूनच मिणमिणते असते. इथे ते लख्ख होते, म्हणजे बॅटरीत वीज होती. मग अडलं कुठे? पुढच्या दोन्ही दिव्यांना मिळून साधारण १० अँपिअर वीज पुरते. पण इंजिनाला पहिला धक्का देणाऱ्या स्टार्टर मोटरला शंभराच्या वर अँपिअर लागतात. अरुंद वाटेनं एकटा माणूस सहज जातो. पण जत्राच निघाली तर वाट तुंबणारच ना? सैल सांध्यातून दिव्यापुरती वीज जात होती, स्टार्टरपुरती जात नव्हती.

बॉनेट उघडलं. बॅटरीच्या एका टोकावर पांढरट-हिरवट भुकटी साचली होती आणि तारेची पकड हातानं हलत होती! शेजारच्या ट्रॅक्टरवाल्या काकांना हाक मारली. ते दहा नंबरचा पाना घेऊन आले. गाडी बंद करून त्यांनी आधी काळी, म्हणजे ऋण टोकाची तार सोडवली, मग लाल. खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं भुकटी धुतली, टोकं पुसून पॉलिश पेपरनं घासली. लावताना उलटा क्रम: आधी लाल, मग काळी. हे काम तुम्ही मात्र एकट्यानं करायचं नाही हं! बॅटरीत अॅसिड असतं, आणि तिच्यातून पेट घेणारा वायूही निघतो. जाणतं माणूस हवंच.

किल्ली फिरवली आणि गाडी घर्रकन चालू झाली! नऊला दहा मिनिटं कमी होती.

निघण्याआधी मी वर बघितलं. छतातल्या दिव्याचं बटण 'बंद'वर होतं. मी बाळूला सगळ्यांसमोर म्हटलं, "चूक माझी झाली. न बघता मी तुला बोलले." तो लाजून खिडकीबाहेर बघू लागला. मग म्हणाला, "बाई, उशीर नाही ना होणार?"

उशीर झाला नाही. पण मुलं पेपर लिहीत होती तेव्हा मी झाडाखाली बसून एक हिशेब केला. छतातला बल्ब ५ वॅटचा, बॅटरी १२ व्होल्टची. ५ भागिले १२, म्हणजे अर्ध्या अँपिअरहूनही कमी. चौदा तास तो जळत राहिला असता तरी खर्च सहा अँपिअर-तासांहून कमी! आणि बॅटरीवर छापलं होतं, ३५. म्हणजे बाळूनं दिवा खरंच चालू ठेवला असता, तरी चांगली बॅटरी तेवढ्यानं बसली नसती. वर्गात गणित शिकवणाऱ्या मला ओरडण्याआधी हे सुचायला नको होतं का?

बाळूची शिष्यवृत्ती थोडक्यात हुकली. पेपर लिहिताना माझे ते शब्द त्याच्या डोक्यात घोळत होते का, हे त्याला विचारण्याचा धीर मला अजून झालेला नाही.

म्हणून दोस्तांनो, घरात काही बंद पडलं, काही हरवलं, काही फुटलं, तर 'कुणी केलं?' हा प्रश्न मागे ठेवा. आधी विचारा, 'काय झालंय?' एका वेळी एकच गोष्ट तपासा आणि नीट बघा. आणि आईबाबांनो, हे तुमच्यासाठीही बरं का! माझ्या टेबलाच्या खणात त्या जुन्या तारेची गंजकी पकड मी ठेवली आहे. वर्गात कुणावर ओरडावंसं वाटलं की खण उघडते, आणि मग विचारते, "हं, सांग बरं, काय झालं?"