बाबादागची हवा

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, भूमध्य समुद्राच्या काठी, ओल्युदेनिझ नावाचे एक लहानसे गाव आहे. तुर्की भाषेत ‘ओल्यु’ म्हणजे मृत आणि ‘देनिझ’ म्हणजे समुद्र. हे नाव ऐकून नवख्या माणसाच्या मनात एखाद्या भयाण, ओसाड किनाऱ्याचे चित्र उभे राहावे. परंतु डोंगरातले शेवटचे वळण मागे टाकून गाडी उतरणीला लागली, की समोरचे दृश्य पाहून माणूस क्षणभर बोलणेच विसरतो. पाइन वृक्षांनी झाकलेल्या टेकड्यांच्या कुशीत निळ्या पाण्याचे एक खाजण शिरलेले दिसते. त्याच्या तोंडाशी वाळूचा एक दांडा आडवा पहुडलेला असतो. काठाशी पाणी पोपटी, जरा पुढे मोरपंखी आणि त्याही पुढे गडद निळे. दांड्याच्या बाहेर समुद्र खवळलेला असला, तरी आतले पाणी जेमतेम हालते. मृत म्हणजे येथे केवळ निश्चल. त्या पाण्याची शांतता राखण्यासाठी यंत्राच्या नावांना आत शिरण्याची मनाई आहे, ही मोठी समाधानाची गोष्ट होय; कारण सुंदर जागा शोधून काढणाऱ्या माणसाला ती जपता येतेच असे नाही.

रत्नागिरीचा एक बारा वर्षांचा मुलगा आपल्या मामांबरोबर या गावी आला होता. मामा नोकरीनिमित्त काही वर्षे तुर्कस्तानात राहिले होते व त्यांना तेथील भाषा येत असे. भाच्याला पोहण्याचे वेड होते. पण पाण्यात शिरण्याआधी त्याने एक गमतीचा उद्योग केला. पाणी जेथवर पोहोचत होते, नेमक्या त्याच ठिकाणी त्याने आपल्या चपला ठेवल्या आणि तो ओहोटीची वाट पाहत बसला. कोकणातला मुलगा तो! समुद्र म्हटला की तो दिवसातून दोनदा पुढे यायचा आणि दोनदा मागे सरायचा, एवढे त्याला पक्के ठाऊक होते. एक तास गेला, दोन गेले. पाणी चपलांपासून जेमतेम वीतभर सरकले असेल.

“मामा, हा समुद्र बिघडलाय का?” त्याने विचारले.

मामा हसले. भूमध्य समुद्र चोहोबाजूंनी जमिनीने वेढलेला आहे. पश्चिमेला जिब्राल्टरपाशी तो अटलांटिक महासागराला मिळतो खरा. पण ती वाट अगदी चिंचोळी, सर्वांत अरुंद ठिकाणी अवघी चौदा किलोमीटर रुंदीची आहे. महासागराच्या भरतीचे पाणी एवढ्याशा दारातून आत किती येणार आणि बाहेर किती जाणार? मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरांपर्यंत चढते. येथे ते बहुतेक ठिकाणी हातभरही चढत नाही. या समुद्रावर ऊनही फार पडते. पाण्याची वाफ होऊन जाते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून महासागराच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असते, तर येथे ते 38 ग्रॅमांच्या आसपास असते. अशा पाण्यात पोहणाऱ्याचे अंग थोडे अधिक हलके वाटते. मुलगा पाठीवर उताणा पडून तरंगू लागला, तेव्हा त्याला त्याचा अनुभव आला. आणि त्याच वेळी, आकाशाकडे तोंड असल्यामुळे, त्याला ते दिसले.

निळ्या आकाशात रंगीबेरंगी चंद्रकोरी उडत होत्या. लाल, पिवळ्या, हिरव्या. दहा, वीस, तीस! प्रत्येकीच्या खाली दोन माणसे लोंबकळत होती. त्या चंद्रकोरी सावकाश घिरट्या घेत खाली येत आणि किनाऱ्यावर अलगद टेकत. मुलाने पोहणे तेथेच सोडले. त्या क्षणापासून त्याच्या तोंडी एकच विषय राहिला.

गावाच्या डोक्यावर जो पर्वत उभा आहे त्याचे नाव बाबादाग. ‘दाग’ म्हणजे डोंगर; आणि ‘बाबा’ म्हणजे, आश्चर्य असे की, तुर्की भाषेतही बाबाच! बाबादागची उंची 1,969 मीटर आहे. आपले कळसूबाईचे शिखर 1,646 मीटरांचे. म्हणजे हा पर्वत त्याहूनही सव्वातीनशे मीटरांनी उंच, आणि तोही थेट समुद्रातून वर उठलेला. पायथ्याशी लाटा, खांद्यावर सीडर वृक्षांची राने आणि माथ्यावर उघडा खडक. पंख लावून उडी घ्यायला याहून चांगली जागा शोधूनही सापडायची नाही. जगभरचे पॅराग्लायडिंग करणारे लोक येथे येतात, आणि दर ऑक्टोबरमध्ये येथे त्यांचा उत्सवही भरतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आणि भाचा रज्जुमार्गाने पर्वतावर गेले. हा रज्जुमार्ग 2021 साली सुरू झाला. त्यापूर्वी वळणावळणाच्या रस्त्याने गाडीतून वर जावे लागे. सतराशे मीटरांवरच्या सपाटीवर उतरताच अंगात हुडहुडी भरली; खालच्या किनाऱ्यापेक्षा वरची हवा दहा-एक अंशांनी थंड होती. मामांनी संमतीच्या कागदावर सही केली. सांवळ्या वर्णाचा, पांढऱ्या मिशांचा एक वैमानिक मुलाच्या वाट्याला आला. त्याने मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण चढवले, पट्टे आवळले, पुन्हा सैल करून पुन्हा आवळले आणि आपले कापडी पंख जमिनीवर पसरले.

हे पंख म्हणजे एक नवलच. त्यात लाकूड नाही, लोखंड नाही, यंत्रही नाही. पातळ पण चिवट कापडाचे दोन थर, त्यांच्यामध्ये शिवलेले अनेक कप्पे, आणि त्या कप्प्यांची तोंडे पुढच्या बाजूला उघडी. वाऱ्याकडे तोंड करून धावले, की कप्प्यांत हवा भरते आणि लोळागोळा होऊन पडलेल्या कापडाला पक्ष्याच्या पंखाचा आकार येतो. मग ते एक मीटर खाली येताना आठ-नऊ मीटर पुढे जाते. खालून वर येणारा वारा मिळाला, तर खाली येण्याऐवजी वरही चढते. तसा वारा येथे पुष्कळ. दिवसा उन्हाने जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा धावून येते. ती बाबादागच्या छातीवर आदळली, की तिला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते.

सर्व तयारी झाली. मुलाचे पाय धावण्यासाठी शिवशिवत होते. परंतु वैमानिक हलेना. तो माथ्याकडे पाहत होता. माथ्याच्या कडेला कापसाच्या पेळूसारखा एक ढग जमला होता. पाहता पाहता तो फुगला आणि घसरत सपाटीच्या दिशेने येऊ लागला. सपाटीवर खुणेसाठी लावलेली कापडी पिशवी एकदा समुद्राकडे वळली, एकदा पर्वताकडे, आणि मध्येच मेल्यासारखी लटकली. वैमानिकाने दहा मिनिटे वाट पाहिली. मग तो वळून म्हणाला, “हवा बोझूक.”

मामांनी अर्थ सांगायच्या आधीच मुलाला अर्धे कळले होते. हवा! तुर्की माणसाच्या तोंडी आपलाच शब्द! उरलेला अर्धा त्याला वैमानिकाच्या चेहऱ्यावरून कळला. ‘बोझूक’ म्हणजे बिघडलेली. वैमानिक मुलाचे पट्टे सोडू लागला.

मुलाच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यापाठोपाठ राग. “घटकेपूर्वी ते दोघे उडाले ना? हा भित्रा आहे, मामा! तुम्ही दुसरा माणूस बघा.”

मामा काहीच बोलले नाहीत. वैमानिकाने पंखांची घडी घातली, घेतलेले पैसे मोजून परत केले आणि पिशवी पाठीला अडकवली. थोड्याच वेळात ढगाने सारी सपाटी गिळून टाकली. पाच हातांवरचा माणूस दिसेनासा झाला. रज्जुमार्गाच्या पाळण्यात तिघेही समोरासमोर बसून खाली आले. मुलाने वाटेत एकदाही मान वर केली नाही.

संध्याकाळी मामा त्याला जवळच्या फेतियेला घेऊन गेले. या बंदराचे जुने नाव मेग्री. 1934 साली ते बदलून फेती बे या वैमानिकाच्या नावावरून फेतिये असे ठेवण्यात आले. विमाने नुकतीच कोठे उडू लागली होती त्या काळी, 1914 च्या फेब्रुवारीत, फेती बे व त्याचा सोबती इस्तंबूलहून कैरोला निघाले होते. वाटेत गॅलिलीच्या सरोवराजवळ त्यांचे विमान कोसळले आणि दोघेही मरण पावले. गावाच्या मागच्या कड्यात अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लिशियन लोकांनी कोरलेली दगडी थडगी आहेत; मुलाने ती पाहिली न पाहिल्यासारखी केली. फेती बेची हकीकत मात्र त्याने दोनदा विचारून घेतली.

रात्री ओल्युदेनिझच्या किनाऱ्यावरील चहाच्या दुकानात एका म्हाताऱ्याने त्यांना तेथील दंतकथा सांगितली. फार पूर्वी एक खलाशी बाप आणि त्याचा मुलगा येथे गोड्या पाण्यासाठी नाव लावीत. मुलाचे मन बेल्जेकिझ नावाच्या येथल्या एका मुलीवर जडले होते. एकदा मोठे वादळ झाले. मुलगा म्हणाला, “या खडकांमागे शांत पाण्याची खाडी आहे, नाव तिकडे घ्या.” बापाला वाटले, त्या मुलीसाठी हा नाव खडकावर घालू पाहतो आहे. झटापटीत बापाने त्याला वल्ह्याने मारले. मुलगा समुद्रात पडला आणि बुडाला. पुढच्याच क्षणी नाव खडकाला वळसा घालून आत शिरली. आत पाण्यावर लाट म्हणून नव्हती. मुलीने ते ऐकले आणि कड्यावरून उडी घेतली. तिचे नाव बाहेरच्या किनाऱ्याला राहिले, आणि आतल्या पाण्याला लोक ओल्युदेनिझ म्हणू लागले.

मुलगा बराच वेळ पेल्याकडे पाहत बसला. शेवटी त्याने विचारले, “मामा, त्या वैमानिकाने पैसे सगळे परत दिले?”

“सगळे दिले.”

“मग त्याला काय मिळालं?”

या प्रश्नाला मामांनी उत्तर दिले नाही, आणि मुलानेही पुन्हा विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश घासून पुसून ठेवलेल्या ताटासारखे लख्ख होते. तोच वैमानिक सपाटीवर उभा होता. त्याने माथ्याकडे पाहिले, कापडी पिशवीकडे पाहिले आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. मुलगा पुढे, तो मागे. दोघे उतारावरून धावू लागले. चार पावले, सहा पावले, आणि सातवे पाऊल जमिनीला लागलेच नाही!

पहिला क्षण पोटात खड्डा पडल्यासारखा गेला. दुसऱ्या क्षणी सारे शांत झाले. यंत्राचा घरघराट नाही, केवळ दोऱ्यांमधून वाहणाऱ्या वाऱ्याचा बारीक सूर. कानांत दडे बसत, आवंढा गिळला की सुटत. पायांखाली सीडरची राने हिरव्या घोंगडीसारखी पसरली होती. त्यांच्यापुढे समुद्र, आणि समुद्रावर आकाशाची इतकी एकसारखी निळाई, की दोहोंमधली रेघ सापडेना. खाजण येथून तळहाताएवढे दिसत होते. परवा त्याने चपला ठेवल्या होत्या तो वाळूचा दांडा एखाद्या वाकवलेल्या बोटासारखा पाण्यात शिरला होता. मुलाने मोठ्याने ओरडायचे ठरवले होते. पण त्याच्या तोंडून शब्दच फुटला नाही. अर्ध्या तासाने किनारा भराभर वर आला, वैमानिकाने दोन्ही दोऱ्या खाली ओढल्या, आणि दोघे दोन पावले चालून उभे राहिले.

मुलाने पंखांची घडी घालायला हात लावला. ती पिशवीत बसेपर्यंत तो वैमानिकाबरोबर गुडघे टेकून हवा बाहेर दाबत होता. वैमानिकाला पुन्हा वर जायचे होते. दुसरे पाहुणे त्याची वाट पाहत होते. तो पिशवी उचलू लागला, तोच मुलाने त्याची बाही ओढली आणि पर्वताकडे बोट दाखवले. बाबादागच्या माथ्याला पांढऱ्या ढगाची एक बारीक कोर चिकटली होती.

“हवा?” मुलाने विचारले.

वैमानिकाने डोळ्यांवर हात धरून वर पाहिले. बराच वेळ पाहिले. मग त्याने पिशवी पुन्हा वाळूवर ठेवली, तिच्यावर बैठक मारली, मुलाला शेजारी बसायची खूण केली आणि दुकानाकडे वळून दोन बोटे वर करीत हाक दिली, “चाय!”